बाळंतिणीची पात

विलायतेहून परतलेल्या माणसाच्या तोंडी पहिलं वर्षभर एकच वाक्य असतं: "तिकडे असं नसतं." माझ्याही होतं. लंडनच्या एका प्रसूतिगृहात दोन वर्षं शिकून मी मुंबईच्या इस्पितळात रुजू झाले, तेव्हा वॉर्डातल्या आया माझ्या पाठीमागं मान ताठ करून हेच वाक्य म्हणायच्या. म्हणोत बापड्या. कुलाबा जिल्ह्यातल्या एका भातवाल्या गावची, पाटीवर दगडी पेन्सिलीनं अक्षरं गिरवलेली मी पोर, बोटीत बसून सातासमुद्रापार गेले आणि परीक्षा पास होऊन आले. थोडी मान ताठ राहणारच की!

पण आता सांगायचा आहे तो प्रवास लंडनचा नाही. तो आपल्याच किनाऱ्यावरचा, रेवसपासून बोर्ली पंचतनपर्यंतचा. लंडनचं वर्णन लिहिणारे शंभर जण आहेत. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून पलीकडे उतरलात तर काय दिसेल, हे मुंबईच्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

जायचं कारण घरचंच. माझी धाकटी बहीण इंदू बोर्लीच्या नव्या हायस्कुलात शिक्षिका आहे. आमच्या घराण्यातली पहिली मास्तरीण! ती गेली म्हणून त्या शाळेत मुलींचा वर्ग निघाला. तोवर गावकरी पोरींना चौथीनंतर घरीच बसवत. इंदूला सातवा महिना सरत आला होता. आदल्या खेपेला सातव्यातच तिचं मूल गेलं होतं. दिवसभर उभं राहून शिकवायची, ऐकायची नाही कोणाचं. या खेपेला तिला वेळेवर माहेरी आणून आडवं पाडायचं आणि बाळंतपण मी स्वतः करायचं, असं मी ठरवलं होतं. पण तिचा निरोप आला: "कमिटी रजा देत नाही. राजीनामा द्या म्हणते. मी राजीनामा देणार नाही आणि वर्ग सोडून येणारही नाही."

हे ऐकून मी बॅग भरली. माघ महिना होता, समुद्र शांत होता. डोक्यात माझं भाषण तयार होतं. कोणत्या देशात बाळंतिणीला किती रजा मिळते, हे मला तोंडपाठ होतं. लंडनच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, बाहेर धुकं आणि आत कोबी उकडल्याचा वास, अशा रविवारी आम्ही परिचारिका हाच विषय चघळत बसायचो. स्वीडनची ब्रिटा सांगायची, तिच्या देशात नोकरदार बाईला मूल झालं की तीन महिने पगार घरबसल्या. आयर्लंडची नोरा कपाळावर हात मारायची. तिच्याकडे सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की नोकरीच संपली, मूल तर पुढचीच गोष्ट. मी आपल्या गिरण्यांतल्या कायद्याचं सांगायचे. एकदा ब्रिटानं विचारलं, "ते शहरात झालं. तुझ्या गावात काय? तुला वाढवलं त्या तुझ्या आत्याला काय मिळालं?" मी हसून म्हटलं, "तिला कोण देणार?" आणि विषय तिथंच राहिला.

रेवस

लाँचमध्ये माझ्या शेजारी एक कोळीण येऊन बसली. मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतत होती. नऊवारी कासोट्याची, केसांत अबोली, आणि आवाज असा की इंजिनानं लाजावं. तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं, माझ्या विलायती बुटांकडे पाहिलं आणि थेट विचारलं, "दाक्तरीण हाय का तू?"

"सुईण," मी म्हटलं.

"मंग तर आमच्यातलीच!" म्हणून तिनं आपली सगळी कहाणी उघडली. तिची सून पंधरवड्यापूर्वी बाळंत झालेली. ही सासू सुनेचीही मासळी विकून येत होती.

मी सहज विचारलं, "सून सव्वा महिना घरात. तेवढ्यात बाजारातली तिची बसायची जागा दुसरीनं घेतली तर?"

समुद्र कोणी चोरला तर काय, असं मी विचारल्यासारखी बाई माझ्याकडे बघायला लागली.

"कोन घेल? तिच्या जागंवर तिची पाटी उपडी ठेवलीय. पाटी दिसली का कळतं, बाय बालंत हाय. नवी कोन आली नि बसली, तर शेजारच्या दोघी तिला उठवतीन. हातानं न्हाय उठली तर तोंडानं उठवतीन!"

तिचं तोंड बघता हातांची गरज पडत नसावी. मी मनाशी म्हटलं, गंमत आहे, आणि विसरून गेले. माझं मन स्वीडनात होतं.

माहेर

पोयनाडच्या आतल्या बाजूला आमचं गाव. आमची आई लहानपणीच गेली, आम्हा दोघींना वाढवलं ते भागीआत्यानं. आत्या म्हणजे काळीसावळी, काटक, आणि कोणाच्या बापाला न भिणारी. मी पोचले तेव्हा ती अंगणात डिंकाच्या लाडवांचा डबा फडक्यात बांधत होती. "मी पन येते," एवढंच म्हणाली. "तू शिकलेली. तुला भांडता येत न्हाय."

त्या संध्याकाळी शेतावर पोपटी लावली होती. मुंबईकरांना सांगते: वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, आणि मडक्याच्या तळाला, तोंडाला भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मडकं फोडलं की जो वास सुटतो, त्यापुढं लंडनच्या सगळ्या पाकगृहांनी हात टेकावेत. मी ओंजळभर खाल्ल्या, आणखी ओंजळभर खाल्ल्या, आणि आत्यानं हातावर चापट मारली तेव्हा थांबले.

शेंगा सोलता सोलता मी तिला जगाची सफर घडवली. स्वीडन, इंग्लंड, आयर्लंड. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नि बाप्यांना? त्यांना सुटी देतात का तिकडं?"

"नाही गं. कोणत्याच देशात नाही."

"इथं तरी काय निराळं? सुवेर लागतं ते बापालापन. धा दिवस देवळात पाय ठेवायचा न्हाय. पन कामाला जायचं! देवाला विटाळ, शेटला न्हाय."

शेतावर हसण्याचा असा खळखळाट झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

अलिबाग, मुरूड

अलिबागला एस.टी. बदलताना दोन तास मिळाले. कोर्टकचेऱ्यांचं गाव, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेल्या बायका, आणि भरतीच्या पाण्यात उभा असलेला किल्ला. आत्यानं कांद्याची एक माळ घेतली, बाळंतिणीला चालतो म्हणाली. मी तिला म्हटलं, अजून बाळंतीण व्हायची आहे. "व्हईल," आत्या म्हणाली, "कांदा काय नासतोय?"

मुरूडला ओळखीच्या घरी मुक्काम झाला. नारळीच्या बागेतलं घर, जेवणात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि नारळाच्या रसातली कोलंबी. त्या घरच्या यजमानीण बाईंनी मला इंग्लंडातल्या जेवणाविषयी विचारलं. मी कोबी आणि बटाटा सांगितला. त्यांनी आणखी काय असं विचारलं. मी पुन्हा बटाटा सांगितला. बिचाऱ्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, डोळ्यांत पाणी आणून.

आगरदांडा

आगरदांड्याला खाडी ओलांडायची. पलीकडे दिघी. पाणी निळंहिरवं, डाव्या हाताला डोंगर, लांबवर जंजिऱ्याचा तट. होड्या नंबरानं सुटतात. ज्याची पाळी त्यानं उतारू न्यायचे. आम्हाला घेऊन निघालेला होडीवाला मध्यम वयाचा, दाढीला मेंदी लावलेला. त्याचं नाव हसनमियाँ. निघताना तो धक्क्यावरच्या माणसाला ओरडून म्हणाला, "हा नंबर धाकट्याचा, लक्षात ठेव. माझा अजून यायचाय!"

आत्याला गप्प बसवत नाही. "धाकटा कुठं गेला?"

"घरी बसलाय, बाय. बाप झालाय नं! त्याच्या बीवीला मायका न्हाय, सासू न्हाय. आमच्यात चालीस दिवस बाळंतिणीनं चुलीपाशी जायचं न्हाय. मग चूल कोण पेटवणार? तोच. भात करतो, पोराचे कपडे धुतो." हसनमियाँ वल्ही मारता मारता हसला. "भात कच्चा करतो. पण करतो."

"आणि त्याची होडी?" मी विचारलं.

"त्याच्या नंबराला मी काढतो, कधी दुसरे काढतात. कमाई त्याच्या घरी जाते. आमच्याकडे असंच. माझ्या वेळंला त्यानं काढली होती."

मी वल्ह्याकडे बघत राहिले. वाचकहो, ज्या गोष्टीचा स्वीडनच्या सरकारलाही अजून पत्ता नव्हता, ती बापाची बाळंतरजा आगरदांड्याच्या खाडीत राजरोस चालू होती! मला इतका आनंद झाला की मी होडीतच उभी राहिले. होडी कलली. आत्यानं माझा पदर धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "बुडव आता आमाला, मंग कोन भांडंल कमिटीशी?"

दिघीला ओहोटी लागलेली होती. काठापर्यंत होडी जाईना. पोटरीभर चिखलातून चालत जायचं. आत्यानं लुगडं खोचलं, डबा डोक्यावर घेतला आणि चालू पडली. मी माझ्या विलायती बुटांनिशी उतरले. उजवा पाय वर आला, बूट आला नाही. हसनमियाँनं चिखलात कोपरापर्यंत हात घालून शोधलं. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर घेतलेला माझा बूट दिघीच्या खाडीनं गिळला तो गिळलाच. एकट्या डाव्या बुटाचं काय करणार? तोही तिथंच एका माडाच्या बुंध्याशी ठेवला आणि पुढचा प्रवास अनवाणी केला.

बोर्ली पंचतन

बोर्ली म्हणजे आजूबाजूच्या गावांची बाजारपेठ. सुपारीचे ढीग, सुक्या मासळीचा वास, सायकलीवर कापड विकणारे. इंदूची खोली शाळेजवळच. दार उघडून ती समोर आली. तिचे पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. मी तिला खाटेवर बसवलं, घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि भरायला वेळ लागला.

"इंदे, आठ दिवससुद्धा उशीर नको. उद्या-परवा निघायचं."

"वर्गाचं काय?"

"खड्ड्यात गेला वर्ग!"

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "अकरा पोरी आहेत. त्यांच्या बापांनी मला तोंडावर सांगितलंय, बाई शिकवतात म्हणून पाठवतो. कमिटीनं महाडहून एक मास्तर बघून ठेवलाय. तो आला की त्या दुसऱ्या दिवशी घरी. मग मी पोराला मांडीवर घेऊन काय सांगू? तुझ्यापायी अकरा पोरी चुलीला लागल्या म्हणून?"

ती रडली नाही. मीच रडले, थोडंसं, तोंड धुवायच्या निमित्तानं. मला तिचा राग आला होता आणि तिचा अभिमानही वाटत होता. वसंतराव, म्हणजे तिचा नवरा, मुंबईला गोदीत कामाला. त्याला रजा नव्हती. तेव्हा कमिटीपुढं जायचं ते मला आणि आत्यालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत बैठक. इंदूच्या चपला माझ्या पायांत, एक बोट लहान. टेबलाशी अध्यक्ष अण्णासाहेब, चांगले बागायतदार, सुपारीची वाडी आणि खालच्या अंगाला भाताची खाचरं. गरीब मनाचे, पण ठरवलं की ठरवलं. शेजारी हेडमास्तर, चष्मा नाकाच्या टोकाला. बाकीचे तिघं मान डोलवायला.

मी उभी राहिले आणि जी सुरुवात केली म्हणता! स्वीडनमध्ये तीन महिने पगारी. इंग्लंडात बाळंतिणीला सरकारी भत्ता. आपल्याच मुंबईत गिरणीतल्या बाईला कायद्यानं बारा आठवडे. आणि ओघाच्या भरात, नुसती एकच बाजू सांगतेय असं वाटू नये म्हणून, आयर्लंडचंही सांगितलं.

हेडमास्तरांनी मान वर केली. "काय म्हणालात? आयर्लंडात काय करतात?"

"लग्न झालं की... नोकरी संपते."

"मग तो देश शहाणा दिसतो." त्यांनी चष्मा सरळ केला. "लग्न झालेल्या बाईला आम्ही ठेवलं, म्हणजे आम्ही आयर्लंडाच्या पुढेच गेलो की."

तिघांनी माना डोलावल्या. अण्णासाहेबही हसले. "सिस्टर, ही शाळा आहे. गिरणी नव्हे, स्वीडन नव्हे. परीक्षा तोंडावर आलीय. तीन महिने वर्ग कोणी सांभाळायचा? इंदूबाईंनी खुशाल जावं, सुखरूप मोकळं व्हावं. त्यांच्या जागेवर माणूस घेतला की प्रश्न मिटला."

माझं भाषण संपलं होतं. एवढे देश फिरून आले आणि बोर्लीच्या टेबलाशी तोंडावर आपटले. दारात आत्या बसली होती, पदराचं टोक दातांत धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फक्त हनुवटीनं खुणावलं: बोल की!

तिचा चेहरा बघितला आणि मला आमचं शेत आठवलं. भाताची बेणणी. बेणणी म्हणजे रोपांतलं तण उपटायचं काम. वारंगुळ्यावर करतात, म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतावर, उद्या सगळ्यांनी माझ्या. बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या पुढ्यात जी पट्टी येते, ती तिची पात. मी आणि इंदू लहानपणी बांधावर बसून बघायचो. एकदा ओळीत मधली एक पात रिकामी होती आणि दोन्हीकडच्या बायका तिकडे हात लांबवून तण काढत होत्या. मी आत्याला विचारलं होतं, इथं कोणी का नाही बसत? आत्या म्हणाली होती, ती सुंद्रीची पात, सुंद्री बाळंत हाय.

"अण्णासाहेब," मी म्हटलं, "तुमच्या खाचरात बेणणीला बायका येतात ना?"

"येतात की. चाळीस वर्षं बघतोय."

"ओळीतली एखादी बाळंतीण झाली, तर तिच्या पातीत तुम्ही नवी बाई घालता?"

"छे! कोण घालू देईल? बायका उठून बांधावर जाऊन बसतील. शेजारच्या दोघी तिची पात काढतात."

"का?"

"का म्हणजे? पात तिची असते. आज ही, उद्या ती."

"मग इंदूच्या पातीत महाडचा माणूस कसा घालता?"

मी आता सुटले. लाँचमधल्या कोळणीची उपडी पाटी सांगितली. हसनमियाँच्या भावाचा नंबर सांगितला. "आपल्या किनाऱ्यावर कोळीण जागा राखते, मुसलमान होडीवाला नंबर राखतो, शेतकरीण पात राखते. त्यांना कोणी कायदा शिकवला नाही. मग एक शाळाच तेवढी अशी निघाली का, जिथं बाई बाळंत झाली की तिची जागा उठते? गावाला काय म्हणतील लोक?"

अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "बायका बांधावर बसल्या तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"पण शिकवणार कोण?" हेडमास्तर.

"शेजारच्या दोन पाती," मी म्हटलं. "एका बाजूला तुमचा वर्ग, दुसऱ्या बाजूला गणिताच्या सरांचा."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी मुलींना कधी शिकवलेलं नाही," ते पुटपुटले. या माणसाला दुष्टपणा नव्हता, नुसती भीती होती, हे मला तेव्हा कळलं.

"होईल सवय," अण्णासाहेब म्हणाले. "बरं, जागा राखू. पगार मात्र..."

"अहो भाऊ!" दारातून आवाज आला. आत्या उठून उभी राहिली होती. "सुंद्रीची पात राखली, नि तिच्या शेताची पाळी आली तवा आमी काय घरी बसलो? सगळ्या गेलो तिच्या शेतावर. पात राखायची नि पाळी चुकवायची, त्याला काय वारंगुळा म्हनत न्हाईत. त्याला लबाडी म्हनतात."

अण्णासाहेब हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि तिघांपैकी एकाला पाणी आणायला पळावं लागलं. "आत्याबाई, पगारही देऊ," डोळे पुसत ते म्हणाले, "पण तुम्ही आमच्या कमिटीवर या. हिला राहू दे, हिच्या पोटात फार देश आहेत."

परत

इंदूला घेऊन आम्ही निघालो ते भरती बघून. हसनमियाँनं होडी काठाला लावली, खाली गवताची पेंढी टाकून तिला बसायला मऊ केलं, आणि पलीकडे पोचेपर्यंत एकदाही वल्ही जोरात मारली नाहीत. दिघीच्या काठी माडाच्या बुंध्याशी माझा डावा बूट अजून होता. त्यात खेकड्यानं घर केलं होतं. राहू दे म्हटलं, त्याचीही सोय झाली.

माहेरी तिला खाटेवर झोपवलं ते उठू दिलं नाही. सूज उतरली. चैत्रात, दुपारच्या वेळी, माझ्या या दोन हातांत मुलगी झाली. आवाज असा, की मला रेवसच्या लाँचमधली कोळीण आठवली. आत्यानं बाळाला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कांद्याची माळ खुंटीवर टांगून ठेवली होती ती खाली काढली आणि म्हणाली, "बघ, नासला का?" वसंतराव दोन दिवसांच्या रजेवर आला. आगरदांड्याची गोष्ट ऐकून त्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "तिकडे होडी चालवायला माणूस लागतो का बघा."

शाळा उघडली तेव्हा मी पुन्हा रजा काढून तिला नि बाळाला पोचवायला आत्याबरोबर गेले. पावसाळ्यामुळं खाडी बंद झालेली, म्हणून या खेपेला माणगाव-म्हसळ्यावरून एस.टी.नं गेलो. रस्ताभर इंदू बोटांवर मोजत होती. मला ठाऊक होतं ती काय मोजतेय. सुट्टी धरून चार महिने. त्यात किती पोरी गळल्या असतील? पाच? सगळ्याच?

शाळेच्या ओटीवर आत्या बाळाला घेऊन बसली. आम्ही दोघी वर्गाच्या दाराशी गेलो. आतून हेडमास्तरांचा आवाज येत होता, घसा बसलेला. "गंगा, उभी रहा. पुन्हा सांग." आणि एका पोरीचा स्वच्छ, न भिता दिलेला जबाब. इंदूनं चौकट धरली. तिच्या ओठांची हालचाल मी बघत होते. ती एकेक डोकं मोजत होती. मग तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. अकराच्या अकरा होत्या.

तेवढ्यात हेडमास्तरांचं आमच्याकडे लक्ष गेलं. चष्म्यावरून बघत ते खाली उतरले. वर्गात सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या होत्या. हेडमास्तरांनी घसा साफ केला.

"आलात? बरं झालं. आम्हा दोघांची कंबर मोडली." मग हातातला खडू त्यांनी इंदूपुढं धरला. "घ्या बाई, तुमची पात. थोडं गवत माजलंय, तेवढं बघा."